स्तंभाचा पाया : आलेखांच्या जुळणीविषयी थोडेसे

प्रकल्पवह्या तपासण्याचे दिवस आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने फारसे आनंदाचे नसतात. एकाच पुस्तकातून उतरलेली प्रस्तावना दहा वह्यांत वाचावयाची आणि अकराव्या वहीतही तीच निघणार हे जाणून पान उलटावयाचे, असा तो उद्योग असतो. अशाच एका दुपारी एका विद्यार्थिनीच्या वहीतील आलेखापाशी मी थबकलो. विषय होता महाराष्ट्रातील बालकांचे लिंग-गुणोत्तर. म्हणजे शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे त्याच वयाच्या मुली किती. जनगणनेचे आकडे तिने बिनचूक उतरवले होते. १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. आलेखात मात्र पहिला स्तंभ ताडासारखा उभा होता, दुसरा त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता, आणि तिसरा जमिनीलगत, दिसेल न दिसेल असा होता. आकडे न वाचता नुसते चित्र पाहणाऱ्या माणसाची समजूत अशी झाली असती की, वीस वर्षांत महाराष्ट्रात मुली जन्मावयाच्याच थांबल्या.

मी तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, “सर, मी फक्त आकडे दिले. आलेख कॉम्प्युटरने काढला.”

उत्तर अगदी खरे होते. उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून न होता ८९० च्या आसपास झाली होती, आणि ती तिने ठरवली नव्हती. सर्वांत लहान आकडा ८९४, सर्वांत मोठा ९४६, तेव्हा चित्राला तेवढीच जागा पुरे, असा हिशेब संगणकातील प्रणालीने परस्पर केला होता. मग आम्ही दोघांनी बसून अक्ष शून्यापासून सुरू केला. आता तीन स्तंभ जवळजवळ एका उंचीचे झाले. ९४६ साठी दहा सेंटिमीटर उंची धरली, तर ८९४ चा स्तंभ साडेनऊ सेंटिमीटरच्या किंचित खाली येतो. फरक जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. तिचा चेहरा उतरला. “सर, आता तर काही झालंच नाही असं दिसतंय!”

हेही खरेच होते. दर हजारामागे बावन्न मुली कमी होणे ही गोष्ट साडेपाच मिलिमीटरची नव्हे. पहिला आलेख ओरडून खोटे सांगत होता. दुसरा खरे सांगत होता, पण इतक्या हळू आवाजात की ते कोणाला ऐकू जाऊ नये. आकडे तेच, कागद तोच. मग चूक नेमकी कोठे होती? आलेखाची ‘जुळणी’ ही सजावटीची बाब आहे, मजकूर पुरा झाल्यावर वेळ उरला तर करावयाची, अशी आपल्या कला शाखेत सर्रास समजूत आहे. ती किती महागात पडते हे त्या दिवशी ध्यानात आले, म्हणून हा लेख.

प्रथम स्तंभ म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख असे सगळे प्रकार शिकतो, आलेख-कागदावर रंगीत पेन्सिलीने काढतोही. पण स्तंभच का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. स्तंभालेखाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ. जेम्स वॉटच्या कारखान्यात त्याने आराखडे काढण्याचे काम केले होते, म्हणजे हात ड्रॉइंगला बसलेला होता. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा एक आलेख-संग्रह प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक सगळे आलेख रेषांचे, वर्षानुवर्षांचे चढउतार दाखवणारे होते. स्कॉटलंडची पाळी आली तेव्हा अडचण उभी राहिली. त्याच्याजवळ एकाच वर्षाचे, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे आकडे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने एकेका देशासाठी दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एक आयातीची व एक निर्यातीची. त्याला स्वतःला हा आलेख दुय्यम वाटत होता, कारण त्यात काळ नव्हता. गरजेपोटी जन्मलेल्या या पट्ट्या आज वर्तमानपत्रापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सर्वत्र दिसतात.

पट्टीची भाषा साधी आहे. ती लांबीने बोलते. दुप्पट लांब पट्टी म्हणजे दुप्पट माल, हे डोळ्याला शिकवावे लागत नाही. पण हा करार पट्टीच्या बुडापासून टोकापर्यंतच्या संपूर्ण लांबीवर उभा आहे. बूड कापले की करार मोडला. रेषेचे तसे नाही. रेषालेखात आपण लांबी पाहत नाही. बिंदूची जागा आणि रेषेचा उतार पाहतो. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंशापासून काढण्याचा आग्रह कोणता डॉक्टर धरील? तेव्हा ‘प्रत्येक आलेख शून्यापासूनच हवा’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. स्तंभ असेल तर शून्य हवेच. बिंदू वा रेषा असेल तर शून्य नसले तरी चालते, मात्र अक्ष कोठून सुरू होतो ते वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे.

आता ज्या प्रणालीत तो आलेख काढला होता तिच्याकडे वळू. तिचे नाव टेक. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ साली तिच्या निर्मितीस हात घातला. त्याच्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. पहिली आवृत्ती जुन्या पद्धतीने, शिशाच्या ओतीव अक्षरांतून छापलेली व देखणी होती. नव्या आवृत्तीची प्रुफे प्रकाशजुळणीची होती, आणि ती पाहून क्नूथ हिरमुसला. दुसरा एखादा लेखक प्रकाशकाला चार खरमरीत पत्रे लिहून गप्प बसला असता. या गृहस्थाने चालू लेखन बाजूला ठेवले आणि अक्षरजुळणीची स्वतंत्र प्रणालीच लिहावयास घेतली. कला आणि कौशल्य या दोन्ही अर्थांनी वापरल्या जाणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून त्याने तिचे नाव ठेवले. कला शाखेच्या वाचकांना एवढे तरी आपलेसे वाटावे. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने तिच्यावर लाटेक हा सोपा थर चढवला, टिल टांटाऊने चित्रे काढण्याची टिक्झ ही भाषा दिली, आणि तिच्या आधाराने ख्रिस्तियान फॉयरझेंगरने आलेखांसाठी पीजीएफप्लॉट्स हे साधन तयार केले. हे सगळे विनामूल्य मिळते, ही गोष्ट आमच्यासारख्यांच्या दृष्टीने लहान नाही.

या प्रणालीत चित्र हाताने ओढून लहानमोठे करता येत नाही. काय हवे ते शब्दांत लिहून द्यावे लागते आणि प्रणाली त्याप्रमाणे पान जुळवते; पूर्वी आपण कंपोझिटरला हस्तलिखिताच्या समासात सूचना लिहून देत असू, तसेच. या सूचना प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे मी त्यांचे उच्चार नागरीत देत आहे. ‘ॲक्सिस’ म्हणजे अक्षांची चौकट. तिला ‘वायबार’ असे सांगितले की आकड्यांचे उभे स्तंभ होतात, ‘एक्सबार’ म्हटले की आडवे. ‘वायमिन’ म्हणजे उभ्या अक्षाची सुरुवात. वायमिन बरोबर शून्य, एवढे पाच-सहा अक्षरांचे वाक्य माझ्या विद्यार्थिनीने लिहिले नव्हते. आपण जे लिहीत नाही ते ठरवण्याचे काम प्रणाली स्वतःकडे घेते. चांगला कंपोझिटर अशा वेळी विचारावयास येत असे; प्रणाली विचारावयास येत नाही.

म्हणून प्रणालीने न विचारता काय काय ठरवलेले असते याची थोडी ओळख हवी. पुढील गोष्टी मी स्वतः चुका करूनच शिकलो.

आडव्या अक्षावर १९६१, १९७१ अशी वर्षे दिली की प्रणाली ती संख्या समजते आणि हजाराच्या जागी स्वल्पविराम ठोकून ‘१,९६१’ असे छापते. इसवी सन एक हजार नऊशे एकसष्ट रुपये! हा स्वल्पविराम काढण्यासाठी संख्यालेखनाच्या सूचनांत हजाराचा विभाजक रिकामा ठेवावा लागतो. मोठ्या संख्यांची गंमत याच्या उलट आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. स्वल्पविराम आपण असे, कोटी-लाख-हजारांचे देतो. प्रणाली मात्र दर तीन अंकांनी देणार. शिवाय मोठ्या संख्या पाहिल्या की ती अक्षाच्या माथ्यावर ‘गुणिले दहाचा सातवा घात’ असे काहीतरी लिहून अक्षावर नुसते लहान अंक ठेवते. विज्ञानाच्या वाचकाला ते सोयीचे असेल. इतिहासाचा विद्यार्थी त्या घाताकडे पाहणारच नाही. सोपा उपाय म्हणजे आकडे मुळातच कोटीत द्यावेत, ११.२४ असे, आणि अक्षाच्या नावात ‘लोकसंख्या (कोटी)’ असे स्वच्छ लिहावे.

वर्षांचा स्वल्पविराम टाळण्याची आणखी एक युक्ती विद्यार्थी लवकर शिकतात. वर्षे ही संख्या नसून नुसती नावे आहेत असे प्रणालीला सांगावयाचे. तिला ‘सिंबॉलिक’ म्हणजे नाममात्र निर्देशक म्हणतात. जिल्हे, पिके, भाषा यांच्यासाठी ती योग्यच आहे. काळासाठी मात्र तीत एक खड्डा आहे. नावांमध्ये अंतर नसते, म्हणून प्रणाली सर्व स्तंभ समान अंतरावर उभे करते. दर दहा वर्षांच्या जनगणनेत हे खपून जाते. पण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, आणि पुढची २०२७ साली घ्यावयाची असे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. उद्या ते आकडे हाती आले आणि कोणी नाममात्र पद्धतीने स्तंभ काढले, तर २००१ ते २०११ हे अंतर आणि २०११ ते २०२७ हे अंतर कागदावर सारखेच दिसेल. सोळा वर्षे दहा वर्षांच्या मापात बसवली जातील आणि वाढ आहे त्याहून वेगवान भासेल. काळ असेल तेथे आडवा अक्ष संख्यांचाच ठेवावा आणि स्वल्पविराम वेगळा काढावा, हे थोडे कष्टाचे पण प्रामाणिक.

स्तंभाच्या रुंदीबद्दल नियम असा काही नाही. पण दोन स्तंभांमधली मोकळी जागा स्तंभाच्या रुंदीच्या निम्म्याएवढी असली म्हणजे चित्र डोळ्याला बरे वाटते, असे माझे मत आहे. स्तंभ एकमेकांना चिकटवू नयेत. चिकटलेले स्तंभ म्हणजे आयतालेख. त्यात वयोगटासारखे सलग वर्ग दाखवतात. जिल्ह्यांचे स्तंभ चिकटवले तर पुणे संपून सातारा सुरू होतो असा भलताच अर्थ निघावयाचा. पहिला व शेवटचा स्तंभ चौकटीच्या कडेवर येऊन अर्धा बाहेर जातो किंवा कापला जातो, ही तर प्रत्येक नवशिक्याची तक्रार असते. त्यासाठी आडव्या अक्षाच्या दोन्ही टोकांना थोडी जागा वाढवावी. ‘एन्लार्ज एक्स लिमिट्स’ या सूचनेने ते साधते. स्तंभांच्या डोक्यावर आकडे छापावयाचे असतील तर ‘नोड्स निअर कोऑर्ड्स’. मात्र डोक्यावर आकडे दिल्यावर डावीकडे पुन्हा अक्षाचे अंक आणि मागे आडव्या रेषांची जाळी कशासाठी? दोहोंतील एक ठेवावे. आमच्या मुलांना दोन्ही ठेवल्याशिवाय प्रकल्प भरल्यासारखा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

लिपीचाही प्रश्न आहे. झीटेक किंवा लुआटेक या नव्या रूपांत युनिकोड नागरी चांगली जुळते. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात. तरीही अक्षावरचे अंक रोमन वळणाचेच येतात आणि विद्यार्थी गोंधळतो, कारण मजकुराचा टंक तर त्याने नागरी दिलेला असतो. कारण असे की, अक्षावरचे अंक प्रणाली गणिताचा मजकूर म्हणून जुळवते आणि गणिताचा टंक निराळा असतो. फार थोड्या खुणा असतील तर त्या हाताने नागरीत लिहून द्याव्या, हे मला सर्वांत सोपे वाटते. मजकुरात ‘१९९१’ आणि चित्रात रोमन अंक अशी सरमिसळ मराठी पानावर खटकते.

आणि रंग. पडद्यावर लाल आणि हिरवा स्तंभ किती वेगळे दिसतात! महाविद्यालयाचा वार्षिक अंक काळ्या शाईत छापला जातो, तेव्हा दोघेही एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात. एका वर्षी मुले व मुली यांचा जोडस्तंभालेख असा छापून आला, की कोणता स्तंभ कोणाचा हे सांगणे खुद्द लेखकालाही कठीण गेले. तेव्हापासून मी रंगांऐवजी फिका करडा आणि गडद करडा एवढेच वापरावयास सांगतो. तिरक्या रेषांची नक्षी भरण्याची सोय प्रणालीत आहे. पण जाड तिरक्या रेषा जवळजवळ आल्या की पान डोळ्यांपुढे थरथरू लागते. पूर्वी आलेख छापावयाचा तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, त्याचा खर्च संपादकांना परवडत नसे, म्हणून अंकात एखादाच आलेख असे आणि तो विचारपूर्वक निवडलेला असे. आता खर्च नाही, हे चांगलेच. पण निवडही राहिलेली नाही.

इथवरच्या अडचणी एका मालिकेच्या होत्या. खरी परीक्षा संयुक्त आलेखात होते, म्हणजे एकाच चौकटीत स्तंभही आणि रेषाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे: महिनावार पर्जन्य स्तंभांनी व तापमान रेषेने. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे अंश सेल्सिअस. अर्थशास्त्रात, लोकसंख्याशास्त्रातही तो हल्ली फार बोकाळला आहे.

प्रणालीत हे कसे करतात ते आधी सांगतो. ‘वायबार’ ही सूचना सबंध चौकटीला दिली, तर नंतर येणारी रेषेची मालिकाही स्तंभच होऊ पाहते; म्हणून ती सूचना फक्त स्तंभांच्या मालिकेपुरती द्यावी. दोन्ही मालिकांचे माप एकच असेल तर एवढ्याने भागते. मापे भिन्न असतील तर दोन चौकटी एकमेकींवर ठेवाव्या लागतात. पहिलीत स्तंभ आणि डावा अक्ष. दुसरीत रेषा आणि उजवा अक्ष, तिचा आडवा अक्ष लपवलेला. दोन्ही चौकटींची रुंदी, उंची आणि आडव्या अक्षाची दोन्ही टोके तंतोतंत एक असली पाहिजेत. नाही तर रेषेचे बिंदू स्तंभांच्या मध्यावर न येता शेजारच्या वर्षाकडे झुकतात. जी चौकट नंतर येते ती वर बसते, म्हणून स्तंभ आधी व रेषा नंतर. सूचीची पंचाईत अशी की, दुसऱ्या चौकटीला पहिलीतल्या स्तंभांचा पत्ताच नसतो; दोन सूच्या तयार होतात आणि त्या एकमेकींवर बसतात. पहिल्या मालिकेला खूण देऊन ती दुसऱ्या सूचीत बोलावून घेण्याची सोय आहे. पण माझा अनुभव असा की सूचीच नको. रेषेच्या शेवटच्या बिंदूपाशी तिचे नाव लिहावे आणि स्तंभांचे नाव डाव्या अक्षावर असतेच. वाचकाची नजर चित्र आणि सूची यांच्यात येरझारा घालत नाही.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ साली ३.९६ कोटी, १९७१ साली ५.०४, १९८१ साली ६.२८, १९९१ साली ७.८९, २००१ साली ९.६९ आणि २०११ साली ११.२४ कोटी. हे सहा स्तंभ. दशकातील वाढीचा दर अनुक्रमे २७.४५, २४.५४, २५.७३, २२.७३ आणि १५.९९ टक्के. हे पाच बिंदू. स्तंभ सहा आणि बिंदू पाच, येथेच विद्यार्थी अडखळतो. बहुतेक जण पाच बिंदू १९७१ ते २०११ च्या स्तंभांच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतात. पण लोकसंख्या ही एका क्षणाची, जनगणनेच्या दिवसाची असते. वाढीचा दर दोन जनगणनांमधल्या सबंध दशकाचा असतो. २७.४५ टक्के हे १९७१ चे नव्हेत, १९६१ आणि १९७१ यांच्या मधले आहेत. तो बिंदू दोन स्तंभांच्या मधल्या मोकळ्या जागेत, १९६६ पाशी बसला पाहिजे. अक्ष संख्यांचा असेल तर १९६६ लिहिले की झाले. वर्षे नाममात्र केली असतील तर ही मधली जागा सहजासहजी सापडत नाही. असा आलेख नीट जुळला म्हणजे फार बोलका होतो. स्तंभ वाढतच आहेत, तरी वाढीचा वेग १९९१ नंतर मंदावला, आणि २००१ नंतर तर झपाट्याने, या दोन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळतात. येथे रेषा व स्तंभ एकाच घराण्यातले आहेत. एक दुसऱ्यापासूनच निघाले आहे. म्हणून त्यांनी एका चौकटीत नांदणे शोभते.

घराणी निराळी असली की काय होते, हे त्या विद्यार्थिनीच्या पुढच्या प्रयत्नात दिसले. शून्यापासूनचे स्तंभ निस्तेज दिसतात म्हणून तिने संयुक्त आलेख काढून आणला. स्तंभ लोकसंख्येचे, १९९१ ते २०११, चढत जाणारे. रेषा बालकांच्या लिंग-गुणोत्तराची, उतरत जाणारी. दोहोंची २००१ च्या सुमारास ठसठशीत फुली झाली होती. चित्र देखणे होते आणि म्हणूनच घातक होते. ती फुली पाहणारा मनाशी म्हणणार, लोकसंख्या वाढली म्हणून मुली घटल्या. आणि २००१ साली काहीतरी निर्णायक घडले. प्रत्यक्षात फुली २००१ ला पडली याचे कारण उजवा अक्ष ८८० ते ९६० असा घेतला, एवढेच. तो ७०० ते ९६० घेतला असता तर फुली सरकली असती. शून्यापासून घेतला असता तर पडलीही नसती. एकाच मापाच्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे काहीतरी घडलेले असते. दोन मापांचे अक्ष असतील तर छेदबिंदू आलेख काढणाराने घडवलेला असतो. मुली घटल्या त्या गर्भलिंग तपासणीमुळे आणि मुलगाच हवा या हट्टामुळे. १९८८ साली अशा तपासणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य; केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा असूनही आकडा घसरत गेला. ती सगळी लाजिरवाणी हकीकत त्या देखण्या फुलीने लोकसंख्यावाढीच्या माथी मारून टाकली होती.

या बाबतीत ती एकटी नव्हे. स्तंभालेखाचा जनक प्लेफेअरच येथे घसरला होता. १८२१ साली शेतीच्या दुरवस्थेवर लिहिलेल्या पत्रवजा पुस्तिकेत त्याने एक संयुक्त आलेख दिला. १५६५ पासूनच्या गव्हाच्या किमती स्तंभांनी आणि कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने. वर कोणत्या राजाची कारकीर्द तेही नोंदलेले. दोन्ही आकडे शिलिंगांतच, म्हणून अक्षही एकच. त्याला सांगावयाचे होते की, मजुरीच्या मानाने गहू त्याच्या काळाइतका स्वस्त कधीच नव्हता. पण डोळ्याला काय दिसते? खाली सावकाश चढणारी मजुरीची रेषा आणि तिच्यावर उसळणारे गव्हाचे उंच स्तंभ. जणू गहू मजुराच्या हातून निसटतच चालला आहे. स्तंभ होते एका क्वार्टरचे, म्हणजे आठ बुशेल गव्हाचे, आणि रेषा होती एका आठवड्याच्या मजुरीची. क्वार्टरऐवजी एका बुशेलची किंमत घेतली असती तर सगळे स्तंभ एक-अष्टमांश होऊन रेषेच्या आसपास आले असते. नाणे एकच असल्याने अक्ष एकच असावा हे सोज्ज्वळ वाटते; पण आठवडा आणि क्वार्टर यांची जोडी जुळवली होती ती प्लेफेअरनेच. त्याचे म्हणणे दाखवण्याचा सरळ मार्ग एकच होता: एवढा गहू घेण्यास कारागिराला किती आठवडे राबावे लागे, हा भागाकार करून त्याचीच एक रेषा काढणे. पुढच्या अभ्यासकांनी तशी ती काढली, आणि त्याचे म्हणणे तेव्हा कोठे दिसू लागले.

ही हकीकत मी त्या विद्यार्थिनीला सांगितली तेव्हा तिने विचारले, “मग सर, दोन वेगळ्या गोष्टी शेजारी दाखवायच्याच नाहीत का?” दाखवाव्यात, पण शेजारी, एकमेकींच्या अंगावर नव्हे. प्रणालीत ‘ग्रुपप्लॉट्स’ नावाची सोय आहे. तिने दोन लहान आलेख एकाखाली एक, एकाच आडव्या अक्षावर जुळवता येतात. वर लोकसंख्येचे स्तंभ शून्यापासून, खाली गुणोत्तराचे बिंदू आपापल्या मापात. वर्षे दोहोंना समान असल्याने तुलना होते आणि खोटी फुली पडत नाही. जागा थोडी जास्त लागते इतकेच.

शेवटी तिने लोकसंख्या काढूनच टाकली, कारण तिच्या विषयाशी तिचा संबंध नव्हता. स्तंभही गेले. तीन जाड बिंदू, त्यांना जोडणारी बारीक रेष, प्रत्येक बिंदूपाशी आकडा: ९४६, ९१३, ८९४. उभा अक्ष ८०० पासून, आणि तो शून्यापासून नाही हे आलेखाखाली एका ओळीत लिहिलेले. अक्ष ८०० पासून का, असे मी विचारले. तिने वहीचे पुढचे पान उघडले. तेथे बीड जिल्ह्याचे आकडे होते, २००१ साली ८९४ आणि २०११ साली ८०७. राज्य २०११ साली जेथे पोचले तेथे हा जिल्हा दहा वर्षे आधीच पोचला होता. तो त्याच आलेखात तुटक रेषेने घ्यावयाचा होता आणि त्याला खाली जागा लागणार होती. माप एकच, प्रश्न एकच. ही दुसरी रेषा त्या चौकटीत शोभत होती. फक्त २०११ च्या दोन्ही बिंदूंची नावे उजवीकडे लिहिताना चौकटीच्या बाहेर जात होती, म्हणून आडवा अक्ष २०१५ पर्यंत वाढवला, आणि २०११ च्या पुढे कसलीही खूण छापली जाणार नाही अशी सूचना दिली.